मागची सीट

हॅलो? नुपूर? … हो, हो, ऐकू येतंय, बोल… भांडण कसलं गं? आवाज चढलाय एवढंच.

हो, तुमच्या राज्याची बॉर्डर उघडली, सकाळीच वाचलं. तुझा बाबा नाचतोय गॅरेजमध्ये… अगं ऐक ना! दीड वर्ष झालं तुला बघून, आणि या माणसाने…

काय केलं? ती मोटरसायकल! 'क्रूझर' म्हटलं की चिडतो, 'परफॉर्मन्स क्रूझर' म्हणायचं… घेतली तेव्हा म्हणाला, दोघं बसून तुझ्याकडे अ‍ॅडलेडला जाऊ. मग लॉकडाऊनभर मीटिंग संपली की गॅरेज. पुढे काच लावली, हँडल उंच केलं, बाजूला बॅगा. आणि घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी, म्हणून आपल्या केलीव्हिलच्या त्याच राउंडअबाउटला प्रदक्षिणा… रिकाम्या बॅगा घेऊन नाही, त्यात माझ्या चकल्या घालून! तुटतात का बघायला… तुटल्या ना! चुरा झाला नुसता.

म्हणून मागे मोठी पेटी बसवली… मागे म्हणजे माझ्या सीटच्या जागी! … हो, सीट काढली. विचारलंसुद्धा नाही. 'फराळ नीट पोचायला हवा ना,' म्हणे… हसू नकोस गं. मला रडू येतंय.

विमान? दोनदा कॅन्सल झालं, त्याचं नाव काढू नकोस… कारने चल म्हटलं तर तोंड पाडून बसतो. 'मग बाइक एवढी तयार कशाला केली?' … म्हणजे चकल्या येणार तुझ्याकडे, आणि आई इथे मेसेजची वाट बघत…

काय? … नको म्हणजे? अगं, दिवाळी झाल्यावर दुसऱ्यांदा तळलंय सगळं. तुला आवडतात म्हणून… नुपूर? … बोल ना. रडतेस का तू? …

बरं… बरं गं राणी. फराळ नको. मी येते. रडू नकोस, मी येते.

थांब हं, तुझ्या बाबाला हाक मारते. हृषी! अरे ए हृषी! आधी ती पेटी उतरव! … ते मला सांगू नकोस, डबे मांडीवर घेईन मी! माझी सीट कुठे ठेवलीस? … काय? … कुणाला देऊन टाकलीस?

नुपूर, ऐकलंस? त्याच्या त्या बाइकवाल्या मित्राला, टूनगॅबीच्या गंधारला! पडून होती म्हणे! … नाही, ओरडत नाहीये. ठेवते मी. आधी टूनगॅबीला जाते, मग तुझ्याकडे.