शेषराव सरांच्या डोळ्यावरची पट्टी

परवा जुन्या जालन्यात शेषराव सर दिसले अन् मला आम्हा मास्तरांचं मंठ्याचं ट्रेनिंग आठवलं. दिव्यांग पोरांना वर्गात कसं सांभाळायचं, त्याचं. शेषराव अन् गणपत सर एकाच शाळेतले, पण वर्षानुवर्षं अबोला. खडू लागला तरी मधे पोरगं धाडायचे, "जा, त्या सरांना माग."

ट्रेनिंगच्या मॅडमला हे काय माहीत? त्यांनी शेषरावांच्या डोळ्यावर पट्टी बांधली अन् गणपत सरांना म्हणाल्या, "यांना चहापर्यंत न्या. पण मुकाट्यानं ओढायचं नाही, बोलून वाट सांगायची."

गणपत सर गपच. नुसता हात धरून निघाले. आम्ही सगळे बघून राह्यलो. व्हरांडा संपला अन् शेषरावांचा पाय अधांतरी जाऊ लागला.

"थांब शेषा, पायरी हाय."

शेषराव जागीच थांबले. मंग हळूच म्हणले, "लई उंच हाय का?"

"हाय थोडी. मी सांगतो ना, टाक पाय."

चहापाशी पोचल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, काढा आता पट्टी."

"राहू द्या," शेषराव म्हणले. "काढली तर हा पुन्हा गप बसंल."