बिनआवाजाचा कूलर

शांततेचं कौतुक मला सांगू नका. दुष्काळाचं वर्ष होतं, नळ कधी येईल त्याचा नेम नाही, आणि मी घरी बसून बिल्डरसाठी कॉम्प्युटरवर शेंद्र्याकडच्या नव्या फ्लॅटांची, स्विमिंग पूलची चित्रं करायचो. ग्राफिक्स कार्डाचा पंखा इतका घरघरायचा की आई म्हणाली, "तुझ्या ह्या गिरणीनं दुपारचा डोळा लागत नाय." मग दुकानात एकेका पंख्याला कान लावून मी कार्ड थंड ठेवायला बिनआवाजाचा कूलर निवडला. बसवला त्या दुपारी आई गाढ झोपली, मी पूल निळा करण्यात गुंग, अन् नळ येऊन गेला. रिकाम्या हंड्याकडं बघत आई म्हणाली, "लई शांत हाय रे तुझा कूलर. आता त्या पूलमधून दोन हंडे भरून आण."