दोन पाटे कमी

काका : ‘मला न्यायला ये’ म्हणून आलेल्या ताईच्या पत्राला उत्तर दिलं नाही, ते आळसाने नाही रे. येतो म्हणून लिहायचं आणि गाडी चढावर बसली, तर ती बिचारी सामान बांधून वाट बघत राहायची.

मिस्त्री : हे तुम्ही मागच्या शनिवारीही सांगितलंत, काका. तो सतराचा पाना द्या. सतरा. हा चौदा आहे.

काका : हो, हो. चष्मा घरी राहिला. बरं, नोझल?

मिस्त्री : साफ करून, दाब तपासून आणले. डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. हीटर प्लग नवे घातले. पहाटेच्या गारठ्यात अर्ध्या सेल्फला उठतेय. ना काळा धूर, ना पांढरा. एवढी जुनी जीप, पण दम म्हणून लागत नाही तिला.

काका : मला लागतो. मी काय म्हणत होतो, पुढे एक दोर ओढणारी विंच बसवली तर? अडकलोच, तर दोर झाडाला बांधायचा आणि...

मिस्त्री : ताईंच्या घरच्या चढावर एकही झाड नाही म्हणालात ना तुम्ही?

काका : हं. ते आहेच.

मिस्त्री : काका, आधी तुम्ही टायर मोठे केलेत. ते घासायला लागले म्हणून स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवून गाडी उचलली. उचलली म्हणून शाफ्ट थरथरायला लागला, तो बदलला. मग स्टिअरिंग भटकायला लागलं. मला काय, माझा धंदा आहे. पण कधीतरी निघा की.

काका : तू तो रस्ता बघितला नाहीस. ओढा ओलांडला की नुसते दगड, मधोमध उभे. जीप भावजींची, ताईच्या यजमानांची. ते होते तेव्हा तेच चालवायचे आणि मी शेजारी डोळे मिटून बसायचो. आता मीच चालवणार. मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा दगडावर आपटला, फुटला, तेल गेलं, तर ताईला घेऊन कुणाच्या तोंडाकडे बघू? फोनसुद्धा लागत नाही तिथे.

मिस्त्री : म्हणून तर एवढी उंच केली. खालून बकरी जाईल आता. या भागात एवढी उंच गाडी दुसरी दाखवा, मी पाना टाकून देईन. या काकू, बघा तुमची गाडी.

काकू : बघायलाच आले. हे ‘आलोच’ म्हणून गेले, त्याला दुपार उलटली. ताईंसाठी खोली रिकामी केली, तर यांची पुस्तकं जिन्यात. माणसाला आडवं होऊन वर जावं लागतं.

काका : उचलतो ग संध्याकाळी. गाडी कशी दिसतेय?

काकू : मचाणासारखी. चढायचं कसं यात?

काका : सोपं आहे. डावा पाय इथे, हात त्या दांड्याला, आणि एक झोका.

काकू : हं. नाही जमत. मिस्त्री, हात द्या. दुसराही द्या. बसले एकदाची. आता मला सांगा, ताई कशा बसणार?

मिस्त्री : का? ताईंना काय झालं?

काकू : खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. पाय फार वर उचलायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय. यांनी सांगितलं नाही?

मिस्त्री : काका?

काका : मी रस्त्याचाच विचार करत होतो.

मिस्त्री : आणि मी उंचीचा. कोण बसणार म्हणून एकदाही विचारलं नाही. कमाल आहे माझी.

काका : खालून एक लोखंडी पायरी जोडली तर?

मिस्त्री : लोंबती पायरी पहिल्याच दगडाला जाईल. त्यापेक्षा स्टूल ठेवा बरोबर.

काकू : आणि वाटेत त्यांना उतरावं लागलं की मी स्टूल घेऊन धावू? भावजी होते तेव्हा ताई याच गाडीत हातात पिशवी घेऊन बसायच्या. कुणाचा हात लागत नव्हता.

काका : तेव्हा गाडी मुळात होती तेवढीच उंच होती.

मिस्त्री : जुने टायर ठेवलेत मी. शाफ्ट, शॅकल, सगळं आहे. दोन-दोन पाटे काढून खाली आणतो. पण काका, मग गोळाही खाली येणार. दगड अंगावर घ्यावा लागेल.

काका : म्हणजे पुन्हा तोच रस्ता आणि तोच मी.

काकू : मीही आहे ना.

(दोन दिवसांनी सकाळी. गॅरेजसमोरचा रस्ता, जीपचं इंजिन चालू.)

काकू : बघा, हात न धरता बसले.

मिस्त्री : आता नीट ऐका, काका. दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही. चाकाखाली घ्यायचा. चाक दगडावर चढलं की गोळाही वर उचलला जातो.

काका : मन तर तो चुकवायलाच सांगतं.

मिस्त्री : मनाचं ऐकू नका. खालचा गिअर, क्लचवरून पाय काढायचा, इंजिनला त्याच्या चालीने चालू द्यायचं. घाई केलीत तर आपटेल.

काका : आणि दगड दिसलाच नाही तर?

काकू : ओढ्यापासून मी पुढे चालणार. हाताने दाखवेन, डावीकडे, उजवीकडे. तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचं. लग्नानंतर एवढा वेळ सलग बघितलं नसेल कधी.

मिस्त्री : काकू, चालत? सबंध चढ?

काकू : दोघं मिळून ताईंना विसरलात, त्यापुढे एवढं चालणं काहीच नाही. अहो, तुम्ही आता कुठे उतरलात? परत काही राहिलं?

काका : समोर टपालपेटी आहे. एवढं टाकून येतो.

काकू : लिहिलंत? काय लिहिलं?

काका : चार पानं लिहिली होती. फाडली. मग एवढंच, की ताई, निघालो आहे. गाडी भावजींनी ठेवली होती तेवढीच उंच आहे. तुझा पाय पोचेल.

मिस्त्री : काका, हे पत्र जायला आठवडा लागेल. तुम्ही आज संध्याकाळी वर असाल.

काका : माहीत आहे.

काकू : पत्र पोचेल तेव्हा तिथे कुलूप असेल. ताई आपल्या घरी.

काका : असू दे कुलूप. पडलं बघ आत. आता ‘निघालो’ म्हणून लिहून बसलोय, म्हणजे जायलाच हवं. सरक जरा, गिअर लागू दे.