तुरीच्या कडंला

वारंगा फाट्यावर हिंगोलीच्या बसची वाट बघत दोघी जावा माझ्या मागच्या बाकड्यावर बसल्या होत्या. फोन धाकटीच्या हातात होता.

“चांगुणा, या वयात चितरं काढून फोनवर टाकून राहिली तू. लोकं हासत्यात म्हणं.”

“हासू द्या जाऊबाई. शाळंत काढत व्हते, लग्नानंतर सुटलं. आता धरलंय, सोडणार न्हाई.”

“पण हासले काहून?”

“तुरीतलं तण निंदणाऱ्या बायांचं चित्र टाकलं व्हतं. चित्रांच्या ग्रुपवर एका बाईनं लिहिलं, छान आहे, पण क्रॉप करा. मला क्रॉप म्हंजी पीक ठाऊक. फवारणीच्या बाटलीवर असतंय ना. मला वाटलं, पीक कमी पडलं. रिकाम्या जागंत सगळीकडं तूर काढली आन् परत टाकलं.”

“मग?”

“मग सगळा ग्रुप हासला. क्रॉप म्हंजी कडंचं कापून टाकायचं, म्हणं.”

“मग टाकायचं कापून. त्यायला कळतंय म्हणून सांगत्यात.”

“कळत असंल. मी लिहिलं, तूर बी राहील आन् कड बी राहील.”

“एवढा हट्ट कशापायी? काय हाय त्या कडंला?”

“तुमी.”

“मी?”

“व्हय. बांधापाशी, पदर खोचून, एकल्याच निंदून राहिल्या.”

तेवढ्यात हिंगोलीची बस फाट्यावर येऊन थांबली. चांगुणा उठली.

“जाऊबाई, उठा, बस आली.”

“जाऊ दे. आधी दाव.”

“हे बघा.”

“लिही त्या बाईला. जाऊबाई बांधावरून हलत न्हाई म्हणती.”