जावयाला वाघ

मल्हारी : पैसे देऊन वाघ बघायचा? रतन, भर उन्हाचं रांजणगावातनं फुलंब्रीला आलीस, ऊन डोक्यात गेलं का पोरी तुझ्या?

रत्नमाला : ऊन-बिन काय नाय लागलं, आबा. नीट ऐका तर. सफारी म्हणत्यात त्याला. उघडी जीप असती, सहा माणसं बसत्यात, संगं वाटाड्या असतो. पहाटंच जंगलात नेतो, ऊन वर आलं का माघारी आणतो.

मल्हारी : माझा जल्म गेला माळानं मेंढरं राखण्यात. रोज दिवस बुडताना खंडोबाला एकच मागणं, देवा, वाघ-लांडगा नजरंला पडू देऊ नको. अन् आता आपल्याच पायानं त्याच्या दारात जाऊ? देव म्हणंल, मल्हाऱ्या, एकदाचं काय ते ठरव.

बानाबाई : देवाचं देव बघून घेईल. तुमी आधी लेकीला पाणी पिऊ द्या. हे घे रते. अन् मला सांग, हे वाघाचं खूळ तुझं का जावयाचं?

रत्नमाला : ह्यांचं. धोंड्याचा महिना लागायलाय ना, माय. तुमी जावई म्हून ह्यांना जेवायला बोलावणार, पुरण घालून धोंडे करणार, आहेर करणार. तर हे म्हणले, आहेर नको. त्यापरीस मामा-मामींनी आपल्यासंगं टिपेश्वरला यावं, चौघं मिळून वाघ बघू.

मल्हारी : टिपेश्वर? हे कोण्या देवाचं ठाणं?

रत्नमाला : देवाचं नाय, जंगलाचं. यवतमाळच्या पल्याड, पांढरकवड्यापाशी.

मल्हारी : आगं, तीन सालांनी एकदा येतो अधिक महिना. लग्नानंतरचा तुमचा ह्यो पयलाच धोंडा. लोक इचारतील, मल्हारीनं जावयाला काय दिलं? मी सांगू, वाघ दावला? थोरल्या जावयाला, वैजापूरच्या कचरूला, मागच्या धोंड्यात अंगठी घातली मी. धाकट्याच्या वाटंला जंगलातली धूळ?

रत्नमाला : अन् ह्या डावाची अंगठी कशातनं करणार? शेजारच्या हनुमानदादानं सांगितलं मला फोनवर. चार मेंढ्या विकायला काढल्यात तुमी. उद्या सकाळी व्यापारी यायचाय.

मल्हारी : हनुमान्याच्या तोंडाला झाकण नाय.

बानाबाई : बरं हाय नाय ते! मला तरी कुठं इचारलं तुमी? दीडशे मेंढरांचा वाडा होता आपला. आता पोरं कामाला लागली, चराईचे माळ प्लॉटिंगमधी गेले, उरली ती हाताच्या बोटावर मोजाया. त्यातल्या चार गेल्या म्हंजी कळप तरी म्हणायचा का त्याला? भुरी तर गाभण हाय.

मल्हारी : सोनं कुठं जाऊन बसलंय ठावं हाय का तुला? अर्धा तोळा म्हणलं तर सोनार तोंडाकडं बघतो. मेंढ्या काय, पुन्हा होतील. इज्जत गेली का ती बाजारातनं आणता येत नाय.

रत्नमाला : म्हून तर म्हणते, सफारीचं बघा. जीप, वाटाड्या, आत जायाची पावती, सगळं मिळून साताठ हजार धरून चला. एक रात मुक्काम, गावातल्याच एका बाईकडं खोली मिळती, जेवण तीच करती. तुमी पाडव्याला एडका विकला, त्याच्या पैशात भागतंय. मेंढ्यांना हात लावायचं कामच नाय.

मल्हारी : अन् जायाचं कशानं? इमानानं?

रत्नमाला : एसटीनं. यवतमाळला उतरून पुढं दुसरी गाडी. मला अन् मायला बायांचं अर्धं तिकीट. तुमाला पासष्ट झाली, तुमाला अर्धं.

बानाबाई : म्हंजी पुरं तिकीट एकट्या जावयाला? धोंड्याच्या महिन्यात ज्याचा मान, त्यालाच पुरा दाम! आगं काय तरी वाटू दे सरकारला.

मल्हारी : हसा, हसा. वाघ दिसतोच का पण?

रत्नमाला : दिसंलच असं नाय. पण ह्या दिसांत लई बरं म्हणत्यात. पाणी आटलेलं असतं, राहिलेल्या पाणवठ्यावर यावंच लागतं त्याला. पाऊस लागला का जंगल बंद, मग गेलं दिवाळीच्या तोंडावर.

मल्हारी : अन् नाय आला पाण्यावर तर पैसे माघारी?

बानाबाई : अवं, वाघ हाय का कंपनीतला माणूस? हजेरी लावायला?

मल्हारी : बाजारात जनावर बघितल्याबिगर इसार देत नाय मी.

रत्नमाला : आबा, तारीख ठरवूया आधी. शनिवार-रविवारच्या जीपा भरल्यात आताच.

मल्हारी : रविवारी मी तसाबी येणार नाय. खंडोबाचा वार. तळी उचलल्याबिगर उंबरा सोडत नाय मी.

रत्नमाला : मग जूनचा पयला बुधवार. सोमवारी इथं धोंड्याचं जेवण, मंगळवारी गाडी, बुधवारी पहाटं जंगल. मृगाच्या आत माघारी. मेंढरं हनुमानदादा बघतो म्हणलाय.

बानाबाई : धोंडे चार जास्तीचे करते. डब्यात घालून नेऊ.

रत्नमाला : जंगलात डबा उघडू देत नाय, माय.

बानाबाई : का? वाघाला पुरण नाय आवडत?

मल्हारी : थांबा दोघी. तुमचं गाडीत बसून झालंबी. मी अजून व्हय म्हणलो नाय.

बानाबाई : मग म्हणा की.

मल्हारी : रतन, खरं सांग. हे जावयानं का काढलं? तिकडं कुणी बोललं का? सासरा मेंढरं इकून सोनं करतो म्हून कीव आली का माझी?

रत्नमाला : नाय हो आबा.

मल्हारी : तसं असंल तर वाघाच्या गोष्टी बंद. मल्हारी अजून उभा हाय. जावयानं दिलेली सूट घेऊन धोंडा करायचा नाय मला.

बानाबाई : अवं, पोरगं इतकं मायेनं बोलावतंय…

मल्हारी : तू मधी बोलू नको, रतनची माय. तुला ठावं नाय. दोन वर्सं झाली, मी त्याच्या बोटाकडं बघतोय. लग्नात अंगठी घातली ती हळद निघंस्तोर दिसली. त्याच्यानंतर कवा दिसली का तुला? दिवाळीला आले, हात मोकळा. संक्रांतीला आले, मोकळा. बीडच्या लग्नात भेटले, मी मुद्दाम हात हातात घेतला. मोकळा.

बानाबाई : मग?

मल्हारी : मग काय? मला कळतं. अंगठी पातळ झाली. तवा तेवढंच जमलं आपल्याला. चारचौघांत घालायची लाज वाटत असंल माणसाला. तोंडानं बोलले नाय, चांगल्या घरचे हायेत. म्हून म्हणलं, ह्या धोंड्यात चांगली ठसठशीत करू. मेंढ्या गेल्या तर गेल्या.



रत्नमाला : आबा… आवं, काय हे. दोन वर्सं हे मनात धरून बसलात?

मल्हारी : बापाच्या मनात काय काय बसतं, पोरी, ते लेकीला दावायचं नसतं.

रत्नमाला : मग आता माझंबी ऐका. ह्यांनी सांगू नको म्हणलंय, तरी सांगते. हे मशीनवर काम करत्यात. गरगर फिरणारं लोखंड असतं म्होरं. हातात अंगठी, कडं, दोरा, काय चालत नाय. गेटवर हात बघूनच आत सोडत्यात.

मल्हारी : अंगठीला कसली आलीया बंदी?

रत्नमाला : ह्यांच्या शेजारी सोमनाथ म्हून पोरगं होतं. नवं लग्न झालेलं. अंगठी दडवून आत गेलं. मशीनमधी अंगठी अडकली अन्… बोट गेलं, आबा. ह्यांनीच उचलून नेलं त्याला दवाखान्यात. त्या दिशी घरी आले ते जेवले नाय.

बानाबाई : आगं माय माय…

रत्नमाला : तवापासनं ह्यांनी अंगठीचा धसकाच घेतलाय. सुट्टीच्या दिशीबी घालत नाय. म्हणत्यात, बोटात राह्यली अन् इसरून मशीनला हात लावला तर? अन् तुमी नवी घालणार, तीबी मोठी. सासऱ्यानं भरल्या पाटावर घातलेली अंगठी काढून ठिवली तर तुमचा अपमान. घालून कामाला गेलं तर बोटाचं भ्या. महिना झाला, नीट झोप नाय माणसाला.

मल्हारी : पण अंगठीचं त्यांना कळलं कसं? मी तर कुणाला बोललो नाय.

रत्नमाला : कळलं कसं! मागच्या डावाला आलो तवा तुमी ह्यांना बाजूला घेतलं. नजर लागलीय, उतरवतो म्हणलात. बोटाला लोकरीचा धागा गुंडाळला, गाठ मारली, अन् धागा काढून टोपीत ठिवला.

मल्हारी : मग? तशीच उतरवत्यात नजर.

बानाबाई : कोण उतरवतं? नजरंचा दोरा बांधत्यात, काढून घेऊन जात नाय!

रत्नमाला : हे गाडीत बसल्या बसल्या म्हणले, रत्ना, तुझ्या आबांनी नजर-बिजर काय उतरवली नाय. माझ्या बोटाचं माप नेलंय.

बानाबाई : आगं बया! अन् मी म्हणते, ह्या माणसाच्या टोपीतनं लोकर का गळायलीय!

मल्हारी : हसू नको. दुसरं काय करणार? सरळ माप मागितलं असतं तर नको म्हणले असते.

रत्नमाला : म्हून त्यांनी वाघ काढला, आबा. मला म्हणले, नको म्हणलं तर मामांना लागंल. त्यापरीस काय तरी मागू, म्हंजी त्यांना दिल्याचं समाधान. अन् वाघ बघायची हौस खरीच हाय त्यांना. मोबाइलवर रोज तेच बघत बसत्यात.

मल्हारी : फोन लाव.

रत्नमाला : आता? आबा, रागावू नका त्यांच्यावर…

मल्हारी : लाव म्हणतो ना. घरी हायेत का कामावर?

रत्नमाला : घरीच. रातपाळी हाय. …घ्या, लागलाय.

मल्हारी : हॅलो… पाहुणं, राम राम. मल्हारी बोलतोय… व्हय, पोचली रतन… नाय नाय, समदे बरे हायेत. पाहुणं, ती लग्नातली अंगठी… व्हय… व्हय, सांगितलं तिनं. तिला बोलू नका, मीच बोलतं केलं… आवं, माफी कशाची? बोटं जाग्यावर ऱ्हाऊ द्या आधी, अंगठीचं काय घेऊन बसलात… मी? मी म्हणलं, पातळ झाली म्हून घालीनात… काय म्हणता?… पुन्हा बोला… बरं. बरं बरं. ऱ्हाऊ द्या, आता बोलू नका जास्ती. झोपा, रातपाळी हाय. ठिवतो.

बानाबाई : काय म्हणले?

मल्हारी : काय नाय.

बानाबाई : डोळे पुसायलात अन् काय नाय?

मल्हारी : धूळ हाय. म्हणले, मामा, पातळ कशाची? माझ्या जल्मात माझ्या अंगावर चढलेलं पयलं सोनं हाय ते. कपाटात डबीत ठिवलंय. रिटायर झालो का दुसऱ्या दिशी तीच घालणार, तवा तुमीच घालायची.

बानाबाई : तवा तुमी नव्वदीच्या पुढं.

मल्हारी : घालीन की. हात थरथरला तर तू धर.

बानाबाई : मग आता ऐका माझी एक ओवी. लई दिसांनी आली तोंडात.

धोंड्याचा महिना, जावई आला दारी
लेकीच्या सुखापुढं, सोनं काय भारी

मल्हारी : व्हय, व्हय. ओवी म्हणायला तुझं काय जातंय! आहेर मात्र रिकाम्या हातानं व्हायचा नाय. जीप माझी, आख्खी. त्यात जावयाचा रुपया घालायचा नाय, सांगून ठिव रतन. अन् पाटावर बसवून त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकणार. आपल्या मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर. ती काय मशीनमधी अडकत नाय.

रत्नमाला : जूनच्या उकाड्यात घोंगडी?

मल्हारी : मान उकाड्यात बी घेता येतो.

बानाबाई : बघा, आले गाडीत. मला तर वाघ दिसो का न दिसो. जल्मभर मेंढरांमागं चाललो आपण, नगर पाह्यलं, भीमंचं पाणी पाह्यलं, पण गेलो ते चाऱ्यासाठी. नुसतं बघायला म्हून कुठं गेलो का?

मल्हारी : नाय गेलो. अन् खरं सांगू का, मी वाघरू बघितलं ते कायम पाठमोरं. तोंडात आपलं कोकरू, अन् मी काठी घेऊन मागं. त्याचं तोंड कसं असतं, ते निवांत कवा बघितलंच नाय.

रत्नमाला : मग बुधवारची जीप करू नक्की?

मल्हारी : कर. थांब, आधी त्या व्यापाऱ्याला लाव… हॅलो, भाऊ, मल्हारी बोलतोय फुलंब्रीचा. उद्या येऊ नका… नाय, भावाचा सवालच नाय. इकायच्या नाय… व्हय, इचार बदलला. घरातला कार्यक्रम बदलला… इसार घेतलाच नव्हता, मग खोटं कसलं? या कवा तरी चहाला. राम राम.

रत्नमाला : हुश्श. माय, आता मला भाकरी वाढ. सकाळधरून घास उतरला नव्हता, आबा काय म्हणतील म्हून.

बानाबाई : वाढते की. पिठलं गरम हाय. अवं, तुमीबी बसा ना लेकीसंगं. आता टोपी घालून कुठं निघालात उन्हाचं?

मल्हारी : वाढून ठिव, आलोच. चौघीजणी सकाळधरून येगळ्या बांधल्यात बाभळीखाली. त्यांना कळपात सोडून येतो.