फॅमिलीसाठी खास वेळा अमावस्या

किती म्हणजे? कशाचे किती? — ताटाचे? अहो ठेवा ते पाकीट खिशात, लेकरांसमोर काढू नगा, त्यांना वाटंल जगात सगळीकडं असंच असतंय. इथं पैसे घेत न्हायत. आज वेळा अमावस्या हाय. आजच्या दिशी रानात आल्या माणसाला ताटाचा भाव सांगितला तर पांडव उठून जातेल — ते काय, त्या कडब्याच्या कोपीत मांडलेत न्हाय का पाच दगडं, चुना लावलेली, तेच पांडव. हसू नगा बाई. तुमच्याकडं न्हाय म्हणून आमच्याकडं असू नये का? — बोर्ड? व्हय, रस्त्याला हाय बोर्ड. 'फॅमिलीसाठी खास वेळा अमावस्या. बैलगाडी, झोका, गावरान जेवण, स्वच्छ प्रसाधनगृह.' रोज जाता-येता वाचती मी. पण त्याच्यावरचा बाण वरच्या अंगाला हाय आणि तुमी वळलात खाली. तिकडं बगा, बांधाच्या पल्याड — रंगीत पताका दिसतेत का? भोंगा कोकलतोय तो ऐकू येतोय का? ती तुमची जागा. ही माझी.

जाताव कुठं लगेच? बसा. रानात आलेलं माणूस आज तसंच माघारी जाऊ देत न्हायत, मग ते वाट चुकून आलेलं का असंना. मी काय हौसेनं बसवत न्हाय तुमाला, रीत हाय म्हणून बसवती. बाई, तुमी त्या कडब्यावर बसा, घाण न्हाय ती. लेकरांनो, हे घ्या हरभऱ्याचे डहाळे, सोलून खावा — सोलून म्हणलं, पाल्यासकट न्हाय! अगं बाई, ह्यांनी हरभरा नुसता डब्यातच बगितलाय वाटतं. जेवण मिळंल, थांबा जरा. अजून चर शिंपायचा हाय. तवर कुणाला ताट वाढत न्हायत.

कुठनं आलाव? पुण्याहून. तरीच. कधी? — काल. मग काल दिवसभर काय बगितलं? — रामलिंगाचा धबधबा? डिसेंबरात? यप्पा! मग काय दिसलं धबधब्यात? — काहीच न्हाय ना. दिसणार काय, दगडं आणि माकडं. बिस्किटाचा पुडा नेला असंल माकडानं. नेला का? बगा, मला न सांगता मालूम. आणि आज नळदुर्गाला गेलाव, नर-मादी धबधबा बगायला. तिथं बी पाणी न्हाय. अहो, पावसाळ्यात पाणी असतंय हो धबधब्याला! तुमी सुट्टी बगून निघताव आणि पाण्यानं बी तुमच्या सुट्टीला यायचं. मग किल्ल्यात फोटो काढले, हिनं त्याचा, त्यानं हिचा, लेकरं उन्हानं रडायली. आता पुढं काय? — लेणी. बरं, लेणी तरी वाळत न्हायत. अंधारात वटवाघळं दाखवा लेकरांना, घरी जाऊन चित्र काढतेल. मी म्हणती, एवढं डिझेल जाळून डोंगर-डोंगर फिरायलाव तुमी, आणि त्या गावात काय पिकतंय, काय शिजतंय, कुणाला ठाऊक न्हाय. जेवायला मात्र गावरान पाहिजे. सकाळपासून एक हॉटेल उघडं दिसलं का तुमाला? दिसणार न्हाय. आज अख्खा जिल्हा रानात हाय. गावात आवाज दिला तर कुत्रं बी बोलणार न्हाय. ज्याला रान हाय तो आपल्या रानात, ज्याला न्हाय तो दुसऱ्याच्या. मास्तर असो, फौजदार असो, दुकानदार असो, आज कुणी उपाशी राहात न्हाय. आणि तुमी आलाव ताटाचा भाव इचारत.

ही भज्जी बगितली का बाई — वास घ्या नुसता. सगळ्या डाळी, पाला, शेंगा, चिंच, बेसन. हे ज्वारीच्या पिठाचे उंडे. ही आंबील, ताकातली, चार दिवस आंबवलेली. ही गव्हाची खीर. सगळं एकटीनं केलंय. शेजारच्या गजराबाईला म्हणलं हुतं हात लावायला, ती आली, घटकाभर पाट्यावर बसली आणि गेली आपल्या रानात. तिचं बरोबर हाय, तिचं घर भरलेलं हाय. — एवढं कशाला केलं? अहो एवढंच करायचं असतंय! माणसं बगून शिजवायला ही काय खानावळ हाय का? आमचे मालक हुते तवा ह्या कोपीपुढं तीस-तीस माणूस बसायचं. पंगत उठली की दुसरी. मालक वाढायला हुबे ऱ्हायचे, आणि कुणी पुरं म्हणलं की त्यांना राग यायचा, खराखुरा राग.

फोन वाजतोय तुमचा. उचला की. उचला, मला काय त्याचं.

...

काय म्हणला तो, तुमी ताटं सांगून ठेवलेला? — 'कुठवर आलाव, ताटं गरम हायत'. व्हय, ऐकलं मी, तुमच्या फोनात आवाज लई मोठा हाय. मग तुमी काय सांगितलं, ते मला नीट ऐकू आलं न्हाय — खाली एका आजीपाशी बसलाव म्हणून? आजी म्हणलात? बरं. आणि मग तो काय म्हणला? — काहीच न्हाय? काहीच न्हाय म्हणजे? बरं म्हणला का, हूं म्हणला, का तसाच ठेवला? — तसाच ठेवला. ठेवू द्या. गिऱ्हाईक गेलं म्हणून जीव जळला असंल त्याचा, दुसरं काय. दुकानदार झालाय ना.

ओळखती म्हणजे? न ओळखायला काय झालं — माझ्याच पोटचा हाय तो. महांतेश. तो वरचा तुकडा त्याचा, रस्त्याकडचा. विहिरीकडचा हा माझा. ह्या उन्हाळ्यात केल्या वाटण्या. बांध तर आजचा न्हाय, बांध जुनाच हाय, पण मालक असताना त्याच्यावरनं शेरडं जायची आणि आमी जायचो, आता कुणी जात न्हाय.

सांगती, सांगती, एवढं तोंड वाकडं करू नगा, काही खून न्हाय झाला. त्याच्या डोक्यात आलं की शहरातनं लोकं येतेत, त्यांना रान दाखवायचं. दाखव म्हणलं. हुरडा खाऊ घाल, बैलगाडीत बसीव, घे पैसे, मी काय आडवी आले न्हाय. पण हा म्हणला, वेळा अमावस्येचं बी पॅकेज करायचं. तिकीट लावायचं! म्या म्हणलं, महांतेशा, वर्सातला एक दिवस सोड. एक दिवस. तर मला समजवायला लागला, 'आई, नुसत्या ज्वारीवर आता भागत न्हाय, लोकं खुशीनं देतेत, त्यात पाप काय?' पाप काय म्हणे! ज्या दिशी वाटसराला हाक मारून बसवायचं, त्या दिशी तू फाटकात पोरगा बसवून पावत्या फाडणार, आणि वर इचारतो पाप काय. म्या सांगितलं, पैसे घेऊन वाढायचं असंल तर माझ्या कोपीत पाय ठेवू नगंस. तसंच सांगितलं, समद्या भावकीसमोर. आणि ठेवला न्हाय त्यानं. ह्या एका बाबतीत बरा आईचा शब्द पाळला बगा!

काय एकेक करून ठेवलंय वर. झोका बांधलाय, त्याला प्लास्टिकची फुलं. बैलांच्या शिंगांना सोनेरी कागद. फोटो काढायला खोटी विहीर केली हाय — ही खरी विहीर इथं असताना! पहिल्यांदा काय बांधलं असंल म्हणता? संडास. कोप नंतर, संडास आधी. म्हणला, 'शहरातल्या बाया लेकरं घेऊन येतेत, दिवसभर पाणी न पिता बसतेत बिचाऱ्या, रानात त्यांची अडचण हुती.' आता ह्याला कुणी सांगितलं बायांची अडचण? मला कुणी इचारली न्हाय कधी आमची अडचण, पन्नास वर्सं रानात काढली. आणि त्या पायऱ्यांच्या कडंनं उतार केलाय, म्हाताऱ्या माणसांची चाकाची खुर्ची चढावी म्हणून. हाताला धरायला दांडा बी लावलाय. — मी? मी कशाला जाती बगायला. इथनं दिसतंय की सगळं. बांधावर हुबं ऱ्हायलं की दिसतंय.

ती बगा, हिरव्या लुगड्यातली, ती एवढीशी. दिसली का? न्हाय हो, ती मोठी न्हाय, ती सून हाय, शिवप्रिया. तिच्याजवळची. गायत्री, नात माझी. नऊवारी नेसवून हुबी केलीय फाटकात, आल्या माणसाला गंध लावायला. फोटोसाठी. लुगडं कसं नेसवलंय बगा, चालता येईना पोरीला, पुढनं धरून चालायली. कासोटा असा घालतेत का? दहा मिनिटं माझ्याकडं पाठवली असती तर नीट नेसवून दिलं असतं. पण न्हाय, मोबाईलवर बगून नेसवतेल. — व्हय, गोड हाय. मला काय दिसत न्हाय का. मालकांचं नाक घेतलंय तिनं.

कुणाची वाट बगत न्हाय मी. तुमी आल्यापासून दोनदा इचारलंत, जेवण का थांबलंय. ऊन उतरायचं म्हणून थांबलंय. — खोटं कशाला बोलू? सांगितलं न्हाय का चर शिंपायचा हाय. आंबिलाचं गाडगं घेऊन रानाला फेरा घालायचा, पाल्यानं आंबील शिंपडत जायची. पुढच्यानं हाळी द्यायची, आणि मागं एक माणूस पाहिजे जबाब द्यायला. मागं कुणी बोललं न्हाय तर चर व्हत न्हाय. मालक पुढं असायचे, महांतेश मागं. चड्डी सांभाळत पळायचा आणि असा वरडायचा की पाखरं उठायची. मालक गेल्यावर मी पुढं झाले, तो मागं. आणि ह्या साली मागं कोण, सांगा? सकाळपासून हे गाडगं भरून ठेवलंय. गजराबाईचा नवरा म्हणला, येतो मी आमचं उरकून. म्या म्हणलं नगं. कशाला नगं म्हणलं कुणास ठाऊक.

चला, हुबं ऱ्हावा. तुमीच चला. अहो लाजताव काय, तुमाला काय अवघड हाय त्यात. बूट काढा, रानात बूट घालून चर शिंपत न्हायत. बाई, तुमी लेकरांपाशी बसा, ताटं मांडून ठेवा, आता जेवायचंच हाय. हे गाडगं घ्या कडंवर — दोन्ही हातानं धरा, नवरदेवाचा नारळ न्हाय तो. मी पुढं, तुमी मागं. मी कानडीत हाळी देणार, ती तुमाला कळायची न्हाय, सोडून द्या. मी थांबले की तुमी 'हर हर महादेव' म्हणा, बास. एवढं येतंय ना? सुरू करू?

...

हा आवाज झाला? चार दिस न जेवल्यावानी बोलताव. पोटातनं काढा. शहरात तुमी गाडीतनं एकमेकांवर वरडताव तसं वरडा.

...

हां, जरा बरं. ज्वारीतनं चाला, करडईतनं नगा, काटं लागतेल. — लागले? सांगितलं हुतं. चला तसंच. आता हा वरचा बांध. हितं जरा जोरात म्हणा. — न्हाय, त्याला ऐकू जावं म्हणून न्हाय! रानाला ऐकू जावं म्हणून. त्याच्या भोंग्यात तुमचं माझं काय ऐकू जातंय. भोंगा लावलाय मेल्यानं चर शिंपायच्या वक्ताला. स्वतःच्या रानाचा शिंपला का न्हाय कुणास ठाऊक, का त्याचं बी तिकीट काढलंय. चला, म्हणती मी.

...

का थांबलं? तुमी न्हाय, भोंगा. बंद पडला वाटतं. लाईट गेली असंल. जाऊ द्या, आपलं आपण म्हणू, तुमी तयार ऱ्हावा.

...

तुमी वरडलात का आता? — न्हाय? मग गप का ऱ्हायलात, मी थांबले हुते ना? — तुमच्या आधी कोण —

गप. हलू नगा. पुन्हा म्हणती मी.

...

आवाज फाटलाय त्याचा. दिवसभर गिऱ्हाईकांना हाका मारून फाटलाय. काय वरडायचा पोरगा आणि काय झालंय — हे गाडगं द्या इकडं. द्या म्हणलं ना, सांडंल. जावा तुमी. तिकडं ताटं मांडलीत, हातानं वाढून घ्या, लेकरांना खीर जास्ती घाला, पुरं म्हणू नगा. बगताव काय माझ्या तोंडाकडं? जावा की आता. मागं माणूस हाय माझ्या.