मध्ये आलेला शिंपी

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या एका ड्रायव्हरला तोंड उघडवत नव्हतं. शेजारच्या दोघींची तोंडं मात्र चालू होती. एक म्हातारी, हातात जाड पुस्तक. दुसरी तिला सोबत म्हणून आलेली नवी शेजारीण.

“मावशी, त्या गुंडाचं आत्मचरित्र कसलं वाचता? त्याच्यावरची मालिका बघा. काय डायलॉग मारतो!”

“पुस्तकात कुठले डायलॉग? पानंच्या पानं नुसती पित्ताची तक्रार.”

“बघा! मालिकेत त्या शिंप्याला मारतात ना, तेव्हा मी ढसाढसा रडले. पाऊस काय, बासरी काय, बायकोचा तो हंबरडा!”

“बायको भाजी आणायला गेली होती.”

“असं लिहिलंय?”

“छे. पुस्तकात बायको नाहीच. शिंपीसुद्धा एका ओळीत आटोपलाय. ‘एक शिंपी मध्ये आला.’”

“एवढंच? मग मालिकाच बरी. त्यात शिंपी गोळीबार बघून धावत मध्ये येतो तरी.”

“तिथंही मध्येच?”

“म्हणजे?”

“मध्ये कुठं आले गं आमचे हे? आपल्याच दुकानात, आपल्याच मशीनवर बसले होते. मध्ये तर ते गुंड आले!”